नासिक, नाशिक आणि सापडण्याचा इतिहास

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाच्या आराखड्यात एक वाक्य लिहिले होते : 'या विषयावर मराठीतील समकालीन साधने उपलब्ध नाहीत.' विषय होता नाशिकच्या काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह. हे कशावरून, असे विचारल्यावर तिने प्रांजळपणे सांगितले, "सर, नेटवर सगळीकडे शोधले. इंग्रजीत पुष्कळ आले, मराठीत जवळजवळ काहीच नाही." तिने कामचुकारपणा केला नव्हता. चार रात्री जागून तिने शोध घेतला होता आणि तिच्या दृष्टीने निष्कर्ष सरळ होता. जे सापडत नाही ते नाही.

माझ्या पिढीला हे वाक्य खटकते, पण आम्ही तरी वेगळे काय करत होतो? आमच्या वेळी जे महाविद्यालयाच्या कपाटात नव्हते ते आमच्यासाठीही नव्हतेच. फरक इतकाच की कपाट अपुरे आहे हे आम्हांला डोळ्यांनी दिसत असे. संगणकाच्या पडद्याचे तसे नाही. तो नेहमीच भरलेला दिसतो. विद्यापीठीय संशोधनात अंकीय साधने आली त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. या लेखात मला थोडा वेगळा इतिहास सांगायचा आहे. ग्रंथ कसे निर्माण झाले यापेक्षा ते 'सापडू' कसे लागले, याचा. आणि तो नाशिकवरून सांगता येतो.

१

नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले ते १८४० साली. गावकरी ज्याला आज 'सावाना' म्हणतात ती ही संस्था. 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले, त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी. मराठी मुद्रित ग्रंथांची संख्याच तेव्हा एवढी थोडी होती की शोध घेण्याचा प्रश्न उद्भवत नसे. ग्रंथपालाला विचारावे, तो काढून देई. सूची म्हणजे ग्रंथपालाची स्मरणशक्ती.

शोधाची अडचण प्रथम जाणवली ती ग्रंथांच्या नव्हे, लेखांच्या बाबतीत. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, तेथील सातवाहन आणि क्षहरात यांचे ब्राह्मी शिलालेख महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे पहिल्या प्रतीचे साधन आहेत. गौतमी बलश्रीचा लेख तेथेच आहे. १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या लेखांवर निबंध पाठवला. १८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयक सोळावा खंड निघाला, त्यातील लेण्यांच्या प्रकरणामागे पंडित भगवानलाल इंद्रजींचे परिश्रम होते. पुढे एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात, म्हणजे १९०५-०६ मध्ये, सर्व लेखांचे संपादन केले. डोंगर नाशिकचा, वाचने तीन, आणि ती तीन वेगळ्या ठिकाणी छापलेली. १९५० साली नाशिकच्या एखाद्या शिक्षकाला ही तिन्ही वाचने शेजारी ठेवून ताडायची असती तर त्याला मुंबई-पुण्याच्या खेपा घालाव्या लागल्या असत्या. आज तो हे काम घरबसल्या, एका संध्याकाळी करू शकतो. अंकीय साधनांनी काय दिले, याचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

ग्रंथ लोकांपर्यंत नेण्याच्या कामात याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका पुरुषाचे नाव घ्यायला हवे. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा गोपाळराव पुढे बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. वर्गीकरण कसे करावे, तालिका कशी लिहावी, याचे शिक्षण देण्याची सोय त्या योजनेत होती. ग्रंथ विकत घेणे हे निम्मेच काम आहे, तो सापडेल असा ठेवणे हे उरलेले निम्मे, ही समज त्या काळी दुर्मीळ होती. आजही ती फारशी रुळली आहे असे म्हणवत नाही.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत हे उरलेले निम्मे काम एका माणसाने अंगावर घेतले. शंकर गणेश दाते. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा १८०० ते १९३७ या काळाचा पहिला भाग १९४३ साली प्रसिद्ध झाला, १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा १९६१ साली. दीडशे वर्षांचे मराठी मुद्रण एका माणसाच्या चिकाटीने विषयवार लावले गेले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी दात्यांची सूची एकदा तरी नुसती चाळावी. एखाद्या विषयावर किती आणि काय लिहिले गेले होते, याचा जो धक्का बसतो तो कोणतेही शोधयंत्र देऊ शकत नाही. कारण शोधयंत्र फक्त विचारलेल्याचे उत्तर देते. सूची न विचारलेलेही दाखवते.

२

आता विद्यापीठांकडे वळू. गोखले एज्युकेशन सोसायटीचे एच.पी.टी. महाविद्यालय नाशिकला १९२४ मध्ये निघाले ते मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. पुढे पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि नाशिकचे विद्यार्थी जयकर ग्रंथालयाकडे डोळे लावून बसू लागले. पदवीपर्यंतचे शिक्षण गावात, संशोधन मात्र दुसऱ्या शहरात, अशी ही वाटणी होती. ती ज्ञानाची नव्हती, अंतराची होती. ज्याला पुण्यात राहणे परवडे तो संशोधन करी.

१९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले तेव्हा या अंतराचा प्रश्न प्रथमच विद्यापीठाच्या व्याख्येत शिरला. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. विद्यार्थी विद्यापीठाकडे येणार नाही, विद्यापीठाने त्याच्याकडे जायचे. साहजिकच ग्रंथालयाच्या इमारतीपेक्षा टपालाने जाणारे स्वयं-अध्ययनाचे पुस्तक महत्त्वाचे ठरले. पाठ्यपुस्तक घरी पाठवता येते. संशोधनाला लागणारे ग्रंथालय घरी कसे पाठवणार? हा प्रश्न टपालाने सुटण्यासारखा नव्हता.

तो सुटण्याची शक्यता निर्माण झाली ती संगणकाच्या जाळ्यामुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प १९९१ साली सुरू झाला, आरंभी पुण्याच्या आयुका या संस्थेच्या पंखाखाली. १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र झाला. २००४ पासून विद्यापीठांना संशोधन-नियतकालिके सामायिक वर्गणीने मिळू लागली. २०१० मध्ये एन-लिस्ट ही योजना महाविद्यालयांसाठी आली. त्याआधी, २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.चे प्रबंध अंकीय स्वरूपात जमा करणे बंधनकारक केले आणि 'शोधगंगा' भरू लागली. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० च्या आसपास शिक्षण व संशोधन संस्था. आकडे मोठे आहेत आणि त्यांचा लाभही खरा आहे. पदार्थविज्ञानाच्या किंवा औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याचे यामुळे आयुष्य बदलेल.

मराठीच्या विद्यार्थ्याचे? या तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या यादीत 'विविधज्ञानविस्तार' नाही, 'सत्यकथा' नाही, 'नवभारत' नाही. असण्याचे कारणही नाही, ते त्या योजनेचे कामच नव्हे. परंतु विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'आमच्याकडे तेरा हजार नियतकालिके आहेत' असे सांगितले की मराठीच्या विद्यार्थ्याचा समज होतो, आपलीही सोय झाली. ती झालेली नाही.

३

मराठी ग्रंथांचे अंकीकरण झालेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. २००३ मध्ये डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले आणि देशभरच्या ग्रंथालयांतून लाखो पुस्तकांची छायाचित्रे घेतली गेली, त्यांत मराठीही विपुल होती. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले, पण त्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर जाऊन पोहोचल्या. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शोधता येईल अशा रीतीने महाजालावर ठेवला. केतकरांचा ज्ञानकोश आला, मराठी विश्वकोश आला. माझ्या विद्यार्थिदशेत यांतले एकेक पान उतरवून घेण्यासाठी वही घेऊन बसावे लागे.

मग अडते कुठे? अडते ते सापडण्यात. आणि अडण्याची कारणे तांत्रिक वाटली तरी मुळात भाषेच्या इतिहासातली आहेत. म्हणून ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनीच समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण गावाच्या नावापासून सुरू होते. १८८३ च्या गॅझेटियरमध्ये रोमन लिपीत गाव 'नासिक' आहे. आज आपण त्यात एच घालून 'नाशिक' लिहितो. मराठीतही दोन्ही रूपे नांदत आली आहेत. एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातले साहित्य दिसेलच, अशी खात्री नसते. म्हणजे आजच्या सवयीने शोधणाऱ्यापासून एकोणिसाव्या शतकाचा मोठा भाग एका अक्षरामुळे लपून राहू शकतो.

दुसरे कारण शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले. त्यांनी व्युत्पत्तीसाठी दिले जाणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या छापील पुस्तकांत 'नांव', 'कांहीं', 'केलें', 'मंदिरांत' असे लिहिलेले आढळते. 'कवि' आणि 'कवी' यांतही तीच कथा. यंत्राला 'नाव' आणि 'नांव' हे दोन निराळे शब्द आहेत. त्यात भर म्हणून काही काळ 'अ'ची बाराखडी चालली. भगूरच्या सावरकरांनी तिचा पुरस्कार केला, किर्लोस्करांच्या मासिकांनी ती वापरली, आणि तिथे 'इतिहास' हा 'अितिहास' झाला. लिपिसुधारणेचा तो प्रकरणभर मजकूर आज शोधाच्या दृष्टीने वेगळ्या बेटावर आहे.

तिसरे कारण अक्षरवाचनाचे. छायाचित्र म्हणजे मजकूर नव्हे. पानाचे चित्र यंत्राने वाचून त्याचा मजकूर करावा लागतो. जुने खिळे, उभी-आडवी जोडाक्षरे, मुंबई वळणाचे 'अ' आणि 'झ', झिजलेली छपाई यांपुढे यंत्र अडखळते. आणि मोडी तर दूरच. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच २०१४ साली.

चौथे कारण अलीकडचे आणि आपलेच पाप आहे. युनिकोड रुळेपर्यंत मराठी टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत होत असे. त्या टंकांतले 'क' हे संगणकाच्या लेखी एखादे रोमन अक्षर असे. शोधगंगेवरचे कितीतरी मराठी प्रबंध डोळ्यांना स्वच्छ वाचता येतात, पण त्यांतला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. म्हणजे प्रबंध खुला आहे, पण त्याच्या आत शोधता येत नाही. वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणाली त्यात काय तपासते, हा आणखी एक प्रश्न. उजेडात आणलेली वस्तू पुन्हा अंधारात ठेवण्याचा हा अजब प्रकार आहे.

पाचवे कारण नोंदींचे. डिजिटल लायब्ररीच्या कामात मराठी शीर्षके रोमनमध्ये, कोणत्याही एका पद्धतीशिवाय उतरवली गेली. लेखकाचे नाव कधी आडनावाने, कधी नुसत्या आद्याक्षरांनी. नाशिकचेच उदाहरण घ्या. कुसुमाग्रज, वि. वा. शिरवाडकर, विष्णु वामन शिरवाडकर ही एकाच माणसाची नावे. कविता एका नावाने, नाटके दुसऱ्या नावाने. जुन्या ग्रंथपालाच्या तालिकेत 'कुसुमाग्रज : पाहा शिरवाडकर' असे एक कार्ड असे. पोस्टकार्डापेक्षाही लहान असलेल्या त्या कार्डाने जे काम होई ते लाखो पानांच्या भांडारात होत नाही, कारण ते कार्ड लिहायला कोणाला नेमलेलेच नव्हते.

४

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येतो.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांचे नेतृत्व, मधूनमधून खंड पडत तो पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाला वळण देणारी ही पाच वर्षे.

तिला पडद्यावर काय मिळाले होते? इंग्रजी वृत्तपत्रातील बातम्या, कारण 'टाइम्स ऑफ इंडिया'चे जुने अंक अंकीय झाले आहेत, वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांना ते शब्दाशब्दांनी शोधता येतात. शासकीय साधनखंडातले पोलिसांचे अहवाल. आणि नंतरच्या काळातले इंग्रजी शोधनिबंध, जे बहुतांशी याच साधनांवर उभे होते. थोडक्यात, सत्याग्रह पाहणारे डोळे होते ते सरकारचे आणि सरकारच्या शेजारी बसणाऱ्यांचे.

मी तिला म्हटले, प्रथम बाबासाहेबांचीच वृत्तपत्रे पाहा. ती पाहायला गेली आणि एक वेगळीच गोष्ट तिच्या ध्यानात आली. 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. 'जनता' सुरू झाले ते २४ नोव्हेंबर १९३० रोजी. सत्याग्रहाचा आरंभ नेमका या दोहोंमधल्या वर्षभराच्या पोकळीत पडतो. ज्यांचा हा लढा होता त्यांच्या हाती त्या महिन्यांत या दोहोंपैकी एकही पत्र नव्हते. शिवाय १२ मार्चला गांधीजी दांडीला निघाले. देशभरच्या वृत्तपत्रांच्या स्तंभांत मिठाने जागा व्यापण्याचे ते दिवस.

हा शोध तिला यंत्राने दिला नाही. यंत्राला पोकळी दिसत नाही. नसलेल्या अंकाची नोंद कोणत्याही भांडारात नसते. दोन नियतकालिकांच्या तारखा शेजारी लिहिल्या तेव्हा ती दिसली. मग तिचा प्रश्नच बदलला. 'मराठी साधने उपलब्ध नाहीत' याऐवजी 'या महिन्यांत लढणाऱ्यांचा आवाज कोठे उमटला असेल' असा तो झाला. 'ज्ञानप्रकाश', 'केसरी', 'नवाकाळ' ही पत्रे तेव्हा चालू होती. त्यांच्या बांधीव फाइली पानापानाने पाहाव्या लागणार होत्या. पत्रव्यवहार, पत्रके, आठवणी यांकडे वळावे लागणार होते. प्रबंधाला एक वर्ष जास्त लागले. आराखड्यातले ते वाक्य तिने स्वतःच्या हाताने खोडले.

ते वाक्य तसेच राहिले असते तर काय झाले असते, याचा मी अनेकदा विचार करतो. प्रबंध शोधगंगेवर गेला असता. पुढच्या संशोधकाने त्याचा आधार देऊन लिहिले असते की समकालीन मराठी साधने नाहीत. तिसऱ्याने दोघांचा आधार दिला असता. आणि पोलिसांचा अहवाल हाच सत्याग्रहाचा इतिहास ठरला असता. कोणी खोटे लिहिले नसते, कोणी काही लपवले नसते, आणि तरीही असे घडले असते. जे अंकीय झाले त्यावरून इतिहास लिहायचा आणि जे इतिहासात आले तेच पुढे अंकीय करायचे, हे चक्र एकदा फिरू लागले की ते थांबवणे अवघड.

५

उपाय मोठे नाहीत, पण नेटाने करण्याजोगे आहेत. शोध घेताना शब्दाची जुनी-नवी रूपे, नावाची सर्व रूपे आणि रोमन लेखनाचे पर्याय वापरावेत, आणि काय काय वापरले हे वहीत लिहावे. निष्फळ शोधाचीही नोंद ठेवावी, म्हणजे 'सापडले नाही' या विधानाला अर्थ येतो. पडद्यावर पुस्तक पाहिले असेल तर तसे संदर्भात सांगावे, आवृत्ती तपासावी, पाने गहाळ आहेत का ते पाहावे. आणि 'नाही' असे लिहिण्यापूर्वी दात्यांची सूची आणि एक तरी जुने वाचनालय पालथे घालावे.

शिक्षकांकडून अपेक्षा थोडी अधिक आहे. एम.ए.च्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या जुन्या मासिकाच्या एका वर्षाची लेखसूची युनिकोडमध्ये करून द्यावी, असे ठरवले तर दहा वर्षांत काय उभे राहील याचा हिशेब करून पाहावा. प्रकल्पांच्या नावाखाली विद्यार्थी आज जे लिहितात त्याहून हे काम अधिक टिकेल. दाते एकटे होते, त्यांच्याजवळ संगणक नव्हता. आपण हजारो आहोत.

मुक्त विद्यापीठाच्या त्या ब्रीदात ज्ञान गंगेच्या रूपात घरोघरी जाते. गोदाकाठच्या माणसाला हे रूपक परके नाही. परंतु नाशिककरांना हेही ठाऊक आहे की नदी असली म्हणजे पाणी मिळतेच असे नाही. त्यासाठी घाट बांधावा लागतो, पायऱ्या असाव्या लागतात, आणि त्या वर्षानुवर्षे कोणीतरी झाडाव्या लागतात.